आजोळचा सागवानी पेटारा दुरुस्त करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावचं घर रिकामं करायची वेळ आली की भांडीकुंडी कुणी ना कुणी नेतं, पण माजघरातला तो भलामोठा पेटारा कुणाच्या गाडीत मावत नाही आणि टाकून द्यायला जीवही होत नाही. मग तो टेम्पोत घालून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये येतो आणि फोन सुरू होतात, आता याचं करायचं काय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. मी पेटारा धरून लिहिलंय, पण देव्हारा, फडताळ, झोपाळ्याची पाटी, पाळणा यांनाही बहुतेक सगळं लागू आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: जितकं कमी कराल तितकं बरं, आणि जे कराल ते पुढे कुणाला काढून टाकावंसं वाटलं तर काढता यावं.

पेटारा काल घरी आला. सगळ्यात आधी काय करू?

काही करू नका. खरंच. कोकणातल्या दमट घरात पन्नास-साठ वर्षं राहिलेलं लाकूड पुण्याच्या कोरड्या हवेत आलं की ते आकसतं, जोड किंचित सैल होतात, झाकण थोडं वाकडं बसायला लागतं. ते स्थिर व्हायला काही आठवडे द्या. एसीच्या झोतासमोर नको, खिडकीतल्या उन्हात नको, भिंतीला चिकटवून पण नको. तोवर चारी बाजूंनी, आतून, झाकणाच्या आतून आणि मुख्य म्हणजे खालून फोटो काढा, आणि एखादी कडी, खिळा, लाकडाचा तुकडा निघाला असेल तर पिशवीत घालून पेटाऱ्याच्या आतच ठेवा. ड्रॉवरमध्ये "नीट" ठेवलेले तुकडे पुन्हा कधी सापडत नाहीत.

मामा म्हणतात शंभर वर्षं जुना आहे. हाताने केलेला आहे हे कसं कळणार?

मामा लोकांच्या हिशेबात सगळंच शंभर वर्षं जुनं असतं. वरून बघून काही कळत नाही, वरचा भाग सगळ्यांनी घासलेला असतो. खालची बाजू बघा, मागची बघा, जिथे सुतारानेही फार मेहनत घेतलेली नसते. टॉर्च आडवा धरून उजेड पाडला की हाताने मारलेल्या रंध्याच्या हलक्या लाटा दिसतात, बोट फिरवलं तर लागतात पण. करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतील तर हातकरवत, गोलाकार कमानी असतील तर मशीन. खिळे लोहाराने ठोकलेले असतील तर डोकी एकसारखी नसतात आणि बऱ्याचदा खिळा पार करून मागून वळवून ठोकलेला असतो.

स्टार स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही, कारण ते स्क्रूच तेव्हा बाजारात आले, आणि आपल्याकडच्या गावात पोचायला अजून बराच वेळ गेला. पण त्यावरून अख्खा पेटारा नवा ठरत नाही हां, मधे कुणीतरी बिजागरी बदललेली असू शकते. तळाला प्लायवूड असेल तर तीही नंतरची दुरुस्ती धरा.

काळाभोर आहे म्हणजे शिसवी ना?

नाही. सत्तर टक्के "शिसवी" पेटारे चुलीच्या धुराने आणि तेलकट हातांनी काळे झालेले सागवानी निघतात असं माझं आपलं अंदाजपंचे मत. शिसव उचलायला स्पष्टपणे जड असतं आणि त्यात जांभळट-काळ्या रेघा असतात. सागवान सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि ताजा कापला तर चामड्यासारखा वास येतो. कोकणात फणसाचं लाकूड पण खूप वापरलंय, ते आधी पिवळं असतं आणि वर्षानुवर्षांनी लालसर-तपकिरी होतं, देव्हाऱ्यात आणि दारांत हमखास. स्वस्तातल्या कामात किंवा आतल्या कप्प्यांना आंबा असतो, आणि कीड बहुतेक वेळा तिथेच लागते. बघायचंच असेल तर झाकणाच्या आतली कड बघा. दर्शनी बाजू खरवडून खात्री करून घेऊ नका.

आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, समजत नाही. पुसून टाकू?

अजिबात नाही!! सुतार जोडणीच्या खुणा करतात, कोपऱ्यावर एक रेघ, दोन रेघा, म्हणजे कुठला भाग कुठे बसतो ते कळावं. ते वेगळं. पण अक्षरं असतील तर मोडी असण्याची बरीच शक्यता आहे, नावं, आकडे, वजनं, कुणाला किती धान्य दिलं असले हिशेबसुद्धा सापडतात. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारलंत तरी वाट सापडेल. तळाला चिकटवलेले जुने कागद, वर्तमानपत्रं पण ओढून काढू नका. फोटो काढा, तारीख वाचता आली तर तुमच्या मामांचा वाद तिथेच मिटेल.

साफ कशाने करू?

इथेच निम्मं काम होतं आणि लोक नेमकं हेच टाळून थेट पॉलिशवर उडी मारतात. आधी कोरडं: मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, नक्षीत अडकलेली धूळ ब्रशने सोडवायची आणि नळीने ओढून घ्यायची. ओल्या फडक्याने सुरुवात केलीत तर धुळीचा चिखल होतो आणि नक्षीत कायमचा बसतो.

मग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, फडकं बुडवून घट्ट पिळायचं, इतकं की दाबलं तरी थेंब पडू नये, हातभर जागा पुसायची, लगेच साध्या ओलसर फडक्याने, लगेच कोरड्याने. कधीही आधी आतल्या किंवा मागच्या कोपऱ्यात करून बघा. फडकं तपकिरी होईल, घाबरू नका, तो मळ आहे. पण फडकं लालसर आणि चिकट व्हायला लागलं तर थांबा, तुम्ही पॉलिश काढताय.

चुलीचा धूर, तेल, समईची काजळी, उदबत्तीची राळ असला प्रकार पाण्याने जात नाही, त्याला मिनरल टर्पेंटाईन. सुती फडक्यावर थोडं घेऊन हलक्या हाताने, खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बंद. देव्हाऱ्याला तर हेच लागतं. हळदी-कुंकवाचे डाग लाकडात मुरलेले असतील तर ते राहू द्या असं माझं मत आहे. ते डाग पण त्या वस्तूचेच आहेत.

सोडा, लिंबू, व्हिनेगर, ॲसिड, भांडी घासायची हिरवी घासणी, यातलं काहीही नको.

सुतार म्हणतो सगळा घासून नव्यासारखा करून देतो. द्यायचा का?

दहा सुतारांना विचारलंत तर आठ हेच म्हणतील आणि त्यात त्यांची काही चूक नाही, गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. मशीनचा सँडर फिरवला की दोन तासांत पेटारा पिवळाधम्मक होतो, वर मेलामाइनचं पॉलिश मारलं की चकचकीत, आणि तुम्हाला वाटतं वा. पण मग बघा काय गेलं. रंध्याच्या लाटा गेल्या. नक्षीच्या कडा बोथट झाल्या, कारण सँडर उंच भाग आधी खातो. जिथे चार पिढ्यांनी कुलूप लावताना हात टेकला तिथली गुळगुळीत झीज गेली. मोडीतले आकडे गेले. आणि लाकडाचा तो खोल रंग, जो उजेड, हवा आणि हाताळण्याने वर्षानुवर्षं चढतो, तो वरच्या अगदी पातळ थरातच असतो, तो गेला तर परत येत नाही, डबल कोट मारून पण नाही. मग शोरूममधून नवा आणला असता तरी काय फरक होता?

घासायचं कधी, तर वरचा थर खरोखर मेला असेल तेव्हाच, म्हणजे खपल्या निघतायत, मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्यात, किंवा कुणीतरी ऑइलपेंट फासलाय. तेव्हाही हातानेच, रेषांच्या दिशेने, पॉलिश पेपर २२० च्या पुढचा, आणि फक्त वरचा थर उतरेपर्यंत. लाकडापर्यंत पोचायचं नाही. सुताराला हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा आणि शक्य असेल तर समोर उभे राहा. चहा पाजत राहा, म्हणजे तुमचं उभं राहणं त्यालाही खटकत नाही.

बारीक भोकं आहेत आणि खाली पिठी पडते. कीड जिवंत आहे का?

टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं म्हणजे भुंगेरा बाहेर पडून गेल्याची खूण. भोकं दिसतायत याचा अर्थ कीड आत्ता आहे असा होत नाही, ती तीस वर्षांपूर्वी येऊन गेलेली असू शकते. तपासायचं असं: सगळी पिठी झाडून-ओढून घ्या, खाली काळा कागद अंथरा, कागदावर तारीख लिहा आणि महिना-दोन महिने पेटारा हलवू नका. हलवलात तर जुनी पिठी पडते आणि उगाच भीती. ताजी पिठी पांढरट-पिवळट आणि मऊ असते. कागद स्वच्छ राहिला तर औषधाची गरजच नाही.

पडली, तर बोररचं (लाकूड पोखरणाऱ्या किडीचं) औषध, इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकांतून, आणि मग भोकं मेणाने बंद, म्हणजे पुढे नवीन भोक पडलं तर ओळखू येतं. घरी करायचं तर डब्यावरच्या सूचना वाचून, हातमोजे-मास्क लावून, आणि औषध वाळेपर्यंत मुलांना तिकडे फिरकू न देता. फार पसरलेली असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. कीड शक्यतो लाकडाच्या बाहेरच्या पांढुरक्या भागात असते कारण तिथे तिला स्टार्च मिळतो, चांगल्या सागाच्या गाभ्यात ती सहसा शिरत नाही.

कडुलिंबाचा पाला, कापूर, डांबर गोळ्या यांनी आत बसलेली अळी मरत नाही. आणि धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या पेटाऱ्यात ठेवून झाकण लावायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून नाही म्हणा. त्यातून निघणाऱ्या फॉस्फीन गॅसने बंद घरातली माणसं दगावलेली आहेत. यात थट्टा नाही.

वाळवीने तळ खाल्लाय.

वाळवी वेगळी, ती जमिनीतून मातीची नळी करून येते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून पोकळ करते. बोटाने ठोकत जा, जिथे आवाज पोकळ येतो तिथपर्यंत नुकसान. तळाच्या फळ्या बदलल्या तर काही बिघडत नाही, त्या दिसत नाहीत आणि वजन त्यांच्यावरच असतं. पण बदलायचं लाकूड जुनंच घ्या. वाडे पाडतात तेव्हा निघालेल्या तुळया, चौकटी विकणारे पुण्यात टिंबर मार्केटच्या बाजूला आणि मुंबईत ओशिवऱ्याला सापडतात, त्या लाकडाची हालचाल होऊन गेलेली असते. नवीन सागवान बसवलंत तर ते पुढची काही वर्षं आकसत राहील आणि जुन्या फळ्यांना ओढेल.

पायाचा किंवा चाकाचा थोडाच भाग कुजला असेल तर कुजकं काढून इपॉक्सी भरता येतं. चाकं मात्र शक्यतो तीच ठेवा, नवीन रबरी चाकं लावलेला पेटारा बघवत नाही. फरशीवर ओरखडे पडतात म्हणत असाल तर खाली फेल्टचे तुकडे सरकवा, पेटारा काही रोज ढकलायचा नसतो.

मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवला तर कीड जाईल ना?

कीड जाईल की नाही माहीत नाही, झाकण नक्की फाटेल. पुढचा प्रश्न.

झाकणाला लांब चीर गेलीय. लांबी (पुट्टी) भरून टाकू का?

थांबा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलतं, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, मेलेलं लाकूड असलं तरी. मेमध्ये ती फट जितकी दिसते तितकी ऑगस्टमध्ये नसते. मेमध्ये तुम्ही ती लांबी ठोसून भरलीत की पावसाळ्यात फळीला फुगायला जागा नाही, मग एक तर लांबी बाहेर ढकलली जाते नाही तर चीर पुढे सरकते किंवा दुसरीकडे नवी पडते. म्हणून आधी एक अख्खं वर्ष बघा. चीर आली-गेली करत असेल तर तिला तशीच सोडा, फार तर रंगाचं मेण भरा, ते दबतं.

कायमची आणि वाढती असेल तर आतल्या बाजूने सुतार दोन्ही फळ्यांना धरणारा, दोन्ही टोकांना रुंद आणि मधे बारीक असा लाकडी तुकडा खाच पाडून बसवतो, किंवा चिरेत जुन्या सागवानाची पातळ पट्टी. पण आडव्या लोखंडी पट्ट्या स्क्रूने गच्च आवळून "चीर बंद" करायचा उद्योग नको, झाकणाला हलूच दिलं नाही की ते दुसरीकडे फुटणारच.

जोड खिळखिळे झालेत. फेव्हिकॉल ओतू?

ओतून उपयोग नाही. जुन्या कामात सुतार सरस वापरायचे, जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला, गरम करून लावायचा. वर्षांनी तो वाळून काचेसारखा तडकतो आणि जोड हलायला लागतो. त्या जुन्या सरसावर फेव्हिकॉल धरत नाही. आधी जोड उघडून कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आणि खाच दोन्हीकडचा सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडून काढायचा, वाळू द्यायचा, मग नवीन लावून शिकंज्यात आवळायचा, फार जोर न करता आणि चारही कोपरे काटकोनात आहेत ना ते दोरीने तिरके मोजून बघायचं.

मिळाला तर पुन्हा सरसच वापरा. कोमट पाणी आणि थोडी वाफ दिली की तो सुटतो, म्हणजे तुमच्या नातवाला दुरुस्ती करायची वेळ आली तर लाकूड न फोडता करता येईल. फेव्हिकॉलचा जोड उघडताना बऱ्याचदा लाकूडच फाटतं. आणि जोडात बाहेरून खिळा ठोकू नका, तो गंजतो, फुगतो आणि कुसूच फोडतो. फुटलेल्या कुसवांमागे बहुतेक वेळा असा एक मायेने ठोकलेला खिळा सापडतो.

पॉलिश कुठलं मारू? पीयू (पॉलियुरेथेन) चांगलं म्हणतात.

पीयू चांगलं आहे, डायनिंग टेबलला. पेटाऱ्याला नको. प्लास्टिकच्या थरासारखं बसतं, एकदा ओरखडा पडला की तेवढाच भाग नीट करता येत नाही, पूर्ण घासून काढावं लागतं, आणि पूर्ण घासायचं म्हणजे आपण वर ज्याला नाही म्हटलं तेच.

आधी सध्या काय आहे ते बघा. कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून लपलेल्या कोपऱ्यात टेकवा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने काही नाही झालं तर तेल, व्हार्निश किंवा अलीकडचं मेलामाइन. जुन्या घरातला पेटारा असेल तर बहुधा लाख, किंवा काहीच नाही, नुसता हाताचा तुकतुकीतपणा. काहीच नसेल तर काहीच मारू नका, साफ करून मेण लावा आणि विषय संपवा.

लाख असेल तर जुन्यावरच नवी चढते, कारण नव्या कोटातलं स्पिरिट जुना थर मऊ करून घेतं आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून तर ते पॉलिश मला आवडतं. लिटरभर डिनेचर्ड स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा, सकाळी सुती कापडातून गाळा. सुती फडक्यात कापूस गुंडाळून त्याची पोटली करायची, पातळ, लांब हात मारायचे, मागे-पुढे घोटत बसायचं नाही, आणि दोन हातांमध्ये वाळू द्यायचं. पाच-सहा पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही चांगले. ताजंच वापरा, सहा महिने बाटलीत राहिलेलं पॉलिश कधीकधी वाळतच नाही, चिकट राहतं. आणि स्पिरिट विषारी आहे, पेट घेतं, त्यामुळे देवघरात समई लावून बाजूला हे काम नको.

पावसाळ्यात लाख मारू नका. हवेतल्या दमटपणाने ती पांढरट पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन.

खोबरेल तेल चोळलं तर? आजी तेच करायची.

आजी रोज फडक्याने पुसायची पण, आपण पुसत नाही. खोबरेल, शेंगदाणा, तीळ ही तेलं वाळत नाहीत, वर राहतात, धूळ धरतात आणि नंतर खवट वास मारतात. तेल हवंच असेल तर जवसाचं, रंगाच्या दुकानात बेल तेल म्हणून मिळतं ते, ते हवेत वाळतं. अगदी थोडं लावून अर्ध्या तासाने सगळं पुसून घ्यायचं.

आणि हे नीट वाचा: बेल तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेलं फडकं काडी न लावता आपोआप पेटू शकतं. फडकी बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पितळी कड्या आणि लोखंडी पट्ट्या कशा चकचकीत करू?

पितळी भाग सहज निघत असतील तर काढून, वेगळे, चिंचेने किंवा पितांबरीने घासा, धुवा, पूर्ण वाळवा, मग परत लावा. लाकडावर असतानाच चिंच लावलीत तर आंबट पाणी फटीत शिरतं आणि भोवती काळं-हिरवं वलय पडतं. निघत नसतील तर कोरड्या फडक्याने जितकं होईल तितकं पुरे. आरशासारखं पितळ आणि जुनं लाकूड एकत्र विचित्रच दिसतं, हॉटेलच्या लॉबीत ठेवतात तसं.

लोखंडी पट्ट्यांवरचा सैल गंज तारेच्या ब्रशने हलकेच काढा आणि वर मेणाचा हात द्या. काळा रंग मारायचा मोह आवरा. वळवून ठोकलेले जुने खिळे उपटू नका, खिळा एक निघतो आणि लाकडाचा टवका त्याच्या चौपट.

खिळ्यांभोवती जे काळे डाग असतात ते लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संगनमताने झालेले असतात. ऑक्झॅलिक ॲसिडने ते फिके होतात, लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, हातमोजे-चष्मा लावून, नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून. विषारी आहे, स्वयंपाकघरातल्या भांड्यात कालवू नका. पण ते फक्त उघड्या लाकडावर चालतं, पॉलिशवरून नाही, म्हणजे एका डागासाठी पॉलिश उतरवायचं का हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. मी तरी सोडून देतो.

काकांनी सत्तर साली हिरवा ऑइलपेंट मारलाय. कसा काढू?

प्रत्येक घराण्यात असा एक काका असतो. इथे जरा जपून. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता आहे, आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली तीच मुळी नोव्हेंबर २०१७ पासून. त्यामुळे कोरडं घासणं नाही, हीट गन नाही, घरात गर्भवती बाई किंवा लहान मूल असेल तर काम घरात करायचंच नाही. पेंट रिमूव्हर ब्रशने लावून रंग फुगला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ओलाच उचलायचा, मोकळ्या हवेत. कॉस्टिक सोड्याने रंग पटकन निघतो हे खरं, पण सागवान काळं पडतं आणि जोडातला सरस पण जातो.

सनमायका चिकटवलेला असेल तर कोपऱ्यापासून हेअर ड्रायरने गरम करत हळूहळू उचला, राहिलेला चिकटा थिनरच्या फडक्याने.

किल्ली हरवलीय, कुलूप फोडू?

नको ना. जुन्या कुलपांची किल्ली बनवणारे अजून आहेत, पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला विचारत गेलात तर कुणीतरी पत्ता देतंच. अशी कुलुपं बघायची असतील तर पुण्याच्या राजा केळकर म्युझियममध्ये एक चक्कर मारा, तिथली कोरीव दारं बघून आपल्या पेटाऱ्याकडे बघायची नजर पण बदलते. आणि उघडल्यावर पेटाऱ्याची खोली आतून आणि बाहेरून मोजून बघा. बाहेरच्यापेक्षा आतून बरीच कमी भरली तर चोरकप्पा आहे. त्यात बहुतेक वेळा काही नसतं.

आतून कुबट वास येतो.

झाकण उघडं ठेवून सावलीत, वाऱ्यावर, काही दिवस. आत वाटीभर कोळसा किंवा खायचा सोडा ठेवा. तरी राहिला तर आतून लाखेचे दोन पातळ हात, वास आतच कोंडला जातो, फक्त लिखाण असेल तो भाग सोडून. आत तेल नको आणि पैठण्या थेट लाकडाला टेकवून नको, मधे धुतलेलं सुती कापड घाला.

घरात लहान मुलं आहेत, काळजीचं काही?

दोन गोष्टी. झाकण जड असतं, बोटांवर किंवा मानेवर पडतं, त्याला दोन्ही बाजूंनी साखळी किंवा अडणी लावून घ्या. आणि लपाछपीत मूल आत बसलं आणि कडी बाहेरून आपोआप पडली तर आत हवा फार वेळ पुरत नाही. कडी काढून ठेवा किंवा कायम कुलूप.

पैसे कसे ठरवायचे?

अशा कामात उक्तं ठरवू नका. उक्तं दिलं की सुताराला लवकर संपवायचं असतं आणि लवकर म्हणजे सँडर. रोजावर ठरवा, सामान तुम्ही आणा. कोरीव काम खूप असेल किंवा रंगवलेली चित्रं असतील तर सुताराचं कामच नाही ते, कन्झर्वेशनवाल्यांना विचारा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्वेशन सेंटर आहे.

दोघा भावांत एकच पेटारा आहे. कापून दोन कॉफी टेबलं करायची का?

हा प्रश्न मला खरंच विचारला जातो. नाही. एकाने पेटारा घ्यावा, दुसऱ्याने झोपाळा, आणि नसेल झोपाळा तर वर्षा-दोन वर्षांनी पाळीपाळीने ठेवा. कॉफी टेबल म्हणून वापरायला कापावा लागत नाही, वर काच ठेवा, चार कोपऱ्यांना रबरी टिकल्या लावून, म्हणजे खालून हवा खेळती राहते.

मी न्यू जर्सीला असतो, इकडे आणता येईल का?

आणता येईल, पण आधी कागद. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तशी ठरली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मामांनी शंभर वर्षं म्हटलेलं इथे आड येऊ शकतं. शिसव असेल तर अजून एक भानगड, शिसवाची अख्खी जात २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना नंतर सूट मिळाली पण पेटारा काही दहा किलोत बसत नाही, म्हणजे परवाना आला. सागवानाला ही साइट्सची अट नाही. ऑस्ट्रेलियावाल्यांनी किडीचं बघून घ्या, तिथे लाकडात एक भुंगेरा दिसला तर कंटेनर अडकतो. आणि तिकडच्या हिवाळ्यात हीटिंग लागलं की हवा भयंकर कोरडी होते, ह्युमिडिफायर नसेल तर पहिल्याच जानेवारीत झाकण आवाज करून तडकेल.

गणपतीच्या आधी होईल का?

नाही. ऐन पावसात लाख चढत नाही, वर सांगितलंय. आत्ता नुसता पुसून मेण लावा, मखर त्याच्यावर खुशाल मांडा पण खाली जाड कापड घाला आणि समई ताटात ठेवा. पॉलिशचं दिवाळीनंतर बघू.